शेवटचे १९५ मीटर

आज फुल मॅरेथॉन पूर्ण केली. जिना चढता येतोय, उतरताना मात्र मांड्या अक्षरशः रडवतायत.

तीस किलोमीटरपर्यंत मस्त गप्पा मारत पळालो. मग स्नायूंमधलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, संपत आलं आणि पळणारे जिला 'वॉल' म्हणतात ती समोर उभी राहिली. एनर्जी जेल घेतलं, वेग उतरवला, तरी पाय जडच.

खरा राग आला तो ४२ किलोमीटरच्या पुढच्या १९५ मीटरचा! १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसर कॅसलपासून सुरू झाली आणि स्टेडियममधल्या शाही कक्षासमोर संपली, तेव्हाचं हे अंतर. १९२१ मध्ये तेच कायम झालं. हौस राजघराण्याची, गोळे आमच्या पोटऱ्यांना.

वेळ विचारू नका. विचारलीच, तर कटऑफच्या, म्हणजे शर्यत संपवायला दिलेल्या वेळेच्या, आत आहे.