गेजवरचं शून्य

महाडला बाबांचं पंक्चरचं दुकान होतं. बसलेल्या टायरला गेज, म्हणजे हवेचा दाब मोजायचं यंत्र, लावलं की काटा शून्यावर. मी म्हणायचे, "आत हवाच नाही!" बाबा म्हणायचे, "आहे गं, बाहेर आहे तेवढीच."

गेज फक्त बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब दाखवतं. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब साधारण 14.7 पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच), म्हणून गेजवर 32, तर निरपेक्ष दाब, म्हणजे आतल्या हवेचा एकूण दाब, 46.7.

तीच गाडी आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला नेली, की सुमारे 1,350 मीटरवर बाहेरचा दाब साडेबाराच्या आसपास येतो. टायरचं तापमान तेच असेल तर गेज 34 दाखवेल. आतली हवा मात्र तेवढीच! मला हे अजूनही फार सुंदर वाटतं.

आता मुलांना बॉइलच्या नियमाची (तापमान तेच असेल तर वायूचा निरपेक्ष दाब गुणिले आकारमान कायम राहतं) गणितं शिकवते, तेव्हा आधी गेजच्या आकड्यात ते 14.7 मिळवायला लावते.