खाजन बघायचं तर भरतीची वेळ पाहून निघा

गोव्याला येणारा माणूस ऊन किती, पाऊस किती एवढं बघून निघतो. मांडवी आणि झुआरीच्या काठचा गोवा मात्र भरती-ओहोटीवर चालतो. तिची वेळ ठाऊक नसेल, तर या मुलखातली सगळ्यात हुशार गोष्ट डोळ्यांसमोर असून दिसत नाही. ती म्हणजे खाजन शेती.

दिवाडी, चोडण, सांत इश्तेव्ह या बेटांवर नदीकाठी जी सपाट भातशेती दिसते, ती भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे. बांध नसता तर दिवसातून दोनदा ती खाऱ्या पाण्यात गेली असती. अशी खाजन जमीन गोव्यात साधारण साडेसतरा ते अठरा हजार हेक्टर मानली जाते, आणि ती माणसांनी चिखल उपसून, बांध घालून नदीकडून मिळवलेली आहे. पोर्तुगीज १५१० मध्ये तिसवाडीत आले तेव्हा हे काम जुनं झालेलं होतं. ते काम गावकरी, म्हणजे गावाची सामाईक जमीन बघणारी संस्था, सांभाळत असे. गावकरीचे रीतिरिवाज पोर्तुगीज अधिकारी आफोंसो मेशियाच्या १५२६ च्या फोरालमध्ये, म्हणजे सनदेत, नोंदले गेले. पुढे याच संस्थेला कोमुनिदाद म्हणू लागले.

सगळ्या व्यवस्थेचा जीव मानशीत आहे. मानस म्हणजे बांधातली झडप. जांभ्या दगडाची दोन पाखं, मध्ये टणक लाकडाची चौकट, तिला फक्त नदीच्या बाजूला उघडणारी दारं. भरती चढली की नदीचं पाणी दारं ढकलून बंद करतं. ओहोटीला नदी उतरते, आतलं पाणी उंच राहतं आणि दारं आपोआप उघडतात. दोर ओढावा लागत नाही, मोटर लागत नाही. आत किती पाणी ठेवायचं ते चौकटीच्या खाचांत आडव्या फळ्या घालून किंवा काढून ठरवतात. मानशीच्या आतल्या बाजूला खोल खळगा असतो, त्याला पोय म्हणतात. शेतातलं पाणी आधी तिथे जमतं आणि मासळीही तिथेच वाढते: शेवटे, काळुंद्र, चोणक, सुंगटं. मानशीवर जाळं लावून मासे पकडायच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होत असे. त्या उत्पन्नातून बांधाची डागडुजी व्हायची.

आता पाऊस. पणजीत वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि जुलै सगळ्यात मोठा. खाजनाला या पावसाची गरज भिजण्यापुरती नसते, धुऊन निघण्यासाठी असते. उन्हाळ्यात जमिनीतलं मीठ वर येतं आणि मातीवर पांढरी साय धरते. पहिल्या जोरदार सरींत ते विरघळतं, ओहोटीला मानशीतून नदीत जातं, आणि मगच मोड आलेलं बियाणं टाकतात. घाई केली तर कोंब जळतात. मध्येच पावसाने आठवडाभर दडी मारली तरी मीठ पुन्हा वर चढतं. म्हणून इथे कोरगुट आणि आसगो ही भाताची जुनी वाणं लावत आले. त्यांचं उत्पन्न संकरित वाणांपेक्षा कमी असतं, पण थोडा खारेपणा त्यांना सोसतो. कोरगुटचा उकडा तांदूळ जाडसर असतो आणि पेजेला त्याच्यासारखा दुसरा नाही. कुठे विकायला दिसला तर किलोभर घ्याच.

बिघडतं कुठे? बहुतेकदा फार छोट्या जागी. दारांच्या फटीत फांदी किंवा प्लास्टिकची बाटली अडकली की दार बोटभर उघडं राहतं, आणि प्रत्येक भरतीला काही तास खारं पाणी आत शिरत राहतं. दुसरा शत्रू खेकडा. तो बांधात बीळ करतो, बिळातून पाणी झिरपतं, झिरपताना माती घेऊन जातं, आणि एखाद्या उधाणाला तिथेच खांड पडते, म्हणजे बांध फुटतो. बांधासमोरची खारफुटी लाटांचा मार झेलते, म्हणून ती हवीच. पण तीच बांधावर उगवली तर मुळं कुजल्यावर मागे पोकळ नळ्या राहतात. तिसरं कारण माणसाचं आहे: सुंगटांसाठी भरतीच्या वेळी मुद्दाम उघडी ठेवलेली मानस. खांड वेळेत बुजवली नाही तर शेतात खारफुटीचं बी येऊन रुजतं. एकदा का खारफुटी वाढली की कायदा तिचं रक्षण करतो, आणि ते शेत परत मिळणं फार अवघड होऊन बसतं. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी कोमुनिदादीकडून कुळांच्या संघांकडे गेली. कसणारेच कमी झाले तिथे खेकड्याची बिळं बघत बांधावरून फिरणार कोण? ही गोष्ट मनाला फार लागते. बांध एका पावसात फुटतो, पण जमिनीतलं मीठ धुऊन निघायला कित्येक पावसाळे जातात.

बघायला जायचं तर मुरगाव बंदराचं भरतीचं वेळापत्रक बघा. नदीत जितकं वर जाल तितकी भरती उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. तेव्हा भरती सकाळी साधारण अकराच्या आसपास धरा, म्हणजे ओहोटी संध्याकाळी पाचच्या सुमारास. दुसऱ्या दिवसापासून ही वेळ रोज अंदाजे पन्नास मिनिटं पुढे सरकते. मानशीची दारं उघडून पाणी धो धो बाहेर पडताना बघायचं असेल तर ओहोटी संपायच्या दोन तास आधी पोचा. अष्टमीच्या भांगाला चढ-उतार कमी असतो, तेव्हा हा देखावा फिका पडतो.

चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्याचं मात्र उलट. १७८ हेक्टरांच्या या खारफुटीत होडी आतल्या ओहोळांत जायला भरतीच लागते. स्थलांतरित पक्षी बघायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

जुन्या गोव्याहून फेरीने दिवाडीला उतरलात की पिएदादच्या टेकडीकडे जाणारा रस्ता दोन्ही बाजूंच्या खाजनातून जातो. कदंबांचं कुलदैवत सप्तकोटेश्वर मूळचं याच बेटावरचं. पोर्तुगिजांनी ते देऊळ पाडल्यावर देव नदीपलीकडे नार्व्याला गेला. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी केला. दिवाडीहून नार्व्याला दुसरी फेरी जाते, म्हणजे एका दिवसात जुनं गोवं, बेट आणि देऊळ तिन्ही होतं.

परतताना रायबंदरहून पणजीला जुन्या रस्त्याने या. १६३० च्या दशकात बांधलेला तीनेक किलोमीटरचा हा लिन्यारिश पूल खाऱ्या दलदलीवरून नेलेला आहे. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं. मिठाचा हंगाम साधारण जानेवारी ते मे, आणि अवकाळी सर आली तर वाफ्यातलं तयार मीठ तासाभरात विरघळून जातं.

बांधावर चालताना मधोमध चाला, कडेची माती आतून पोखरलेली असू शकते. पावसाळ्यात चपला नकोत, चिखल त्या ओढून घेतो. आणि मानशीच्या फळीला हात लावू नका. ती किती उंच ठेवायची हे कुणीतरी त्या दिवसाचं पाणी बघून ठरवलेलं असतं.