तुम्ही विचारलंत म्हणून: केप व्हर्देच का?

"तुका दुसरो देश गावलो नाय?"

हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की आता विचारणाऱ्याचा चेहरा बघूनच तो येणार हे कळतं. आमच्या मालवणकडे फुटबॉलचा विश्वचषक आला की वाडीवाडीत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, अलीकडे पोर्तुगालचेही. त्यात माझ्या खळ्यात केप व्हर्देचा, दहा पिवळ्या ताऱ्यांचा निळा झेंडा. पोस्टमनपासून पुतण्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. 2025च्या ऑक्टोबरात तो संघ 2026च्या विश्वचषकाला पात्र ठरला आणि विचारणारे वाढले. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच नीट सांगतो.

मी बोटीवर होतो. 2003 साली थर्ड इंजिनिअर म्हणून दक्षिण अमेरिकेकडे जात असताना जनरेटरने दगा दिला आणि आम्ही मिंडेलोला लागलो. मिंडेलो हे केप व्हर्देच्या साव विसेंती बेटावरचं बंदर. आफ्रिकेच्या पश्चिम टोकापासून, म्हणजे सेनेगलच्या किनाऱ्यापासून, साधारण 570 किलोमीटर आत समुद्रात ही दहा बेटं आहेत. नऊंवर वस्ती. नावातल्या 'व्हर्दे'चा अर्थ हिरवा, पण मला दिसली ती सगळी करडी, भाजलेली जमीन. बंदरासमोर एक डोंगर आहे, आकाशाकडे तोंड करून उताणा झोपलेल्या माणसासारखा. पाऊस म्हणजे काय ते तिथल्या पोरांना शाळेत शिकवावं लागत असेल.

सुटे भाग येईपर्यंत सहा दिवस बसून होतो. संध्याकाळी धक्क्यावरून वर गेलं की एक मैदान लागायचं. गवत नाही, खडी आणि धूळ. वारा असा की गोलकीपरने मारलेला चेंडू हवेत थांबून परत त्याच्याकडे यायचा. पोरं त्या वाऱ्यासकट खेळत होती. चेंडू उचलून मारायचाच नाही, पायातून पायात द्यायचा. आमचा शिपचँडलर, म्हणजे जहाजाला सामान पुरवणारा, तिथलाच, साठीचा माणूस. त्याला विचारलं, एवढी चांगली खेळतात, पुढे कुठे जातात? त्याने समुद्राकडे बोट केलं. मग सांगितलं, माझे दोन भाऊ रॉटरडॅमला, एक बोस्टनकडे, बहीण लिस्बनला. मी एकटा इथे, कारण आईजवळ कोणीतरी हवं.

तिथे मला घर आठवलं. माझे वडील लालबागला गिरणीत. महिन्याच्या दहा तारखेला आई पोस्टमनची वाट बघायची. कोकण मनीऑर्डरवर चालतं असं पुस्तकांत लिहितात, आम्ही त्या मनीऑर्डरवर जेवलोय. आणि इथे जगाच्या दुसऱ्या टोकाला एक अख्खा देश तसाच जगत होता. देशात सव्वापाच लाख माणसं. आमच्या एकट्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात 2011च्या जनगणनेत साडेआठ लाख होती. आणि बेटांबाहेर राहणारे केप व्हर्दियन देशातल्यांपेक्षा जास्त. त्या परदेशातल्या गोताला ते अकरावं बेट म्हणतात.

हे एवढं सांगितल्याशिवाय त्यांच्या फुटबॉलची गोष्ट कळत नाही, म्हणून सांगितलं.

पोर्तुगीज तिथे पंधराव्या शतकात पोचले तेव्हा बेटांवर कोणीच नव्हतं. पोर्तुगीज आले आणि त्यांनी आफ्रिकेतून गुलाम आणले. त्या दोघांतून माणसं झाली आणि भाषाही, क्रियोल. एकोणिसाव्या शतकात वाफेची जहाजं मिंडेलोला कोळसा भरायला थांबू लागली. कोळशाच्या इंग्रज कंपन्या आल्या, समुद्राखालच्या तारेची कचेरी आली आणि त्यांच्या साहेबांबरोबर फुटबॉल आला. क्रिकेटही आलं होतं म्हणे, पण टिकलं नाही. (आपल्याकडे उलट झालं.) दुष्काळ मात्र पाचवीला पुजलेला. 1940च्या दशकात दोन दुष्काळांत हजारो माणसं मेली. जो वाचला त्याने बोट पकडली.

5 जुलै 1975ला देश स्वतंत्र झाला, 1982मध्ये फुटबॉल महासंघ झाला, 1986मध्ये फिफाचं सदस्यत्व मिळालं. त्यानंतरची बरीच वर्षं सांगण्यासारखं फार नाही. शेजारपाजारच्या देशांची, स्वातंत्र्यलढ्याचे नेते अमिल्कार काब्राल यांच्या नावाची एक स्पर्धा असायची, ती 2000 साली घरच्या मैदानावर जिंकले. त्याच वर्षी विश्वचषकाच्या पात्रता फेरीत पहिल्यांदा उतरले: अल्जीरियाशी घरी 0-0, तिकडे 0-2, संपलं.

तोवर बेटांचं रक्त दुसऱ्यांच्या शर्टात खेळत होतं. पोर्तुगालचा नानी केप व्हर्देच्या राजधानीत, प्रायात जन्मलेला. फ्रान्सचा पॅट्रिक व्हिएरा, त्याची आई केप व्हर्दियन वंशाची. स्वीडनचा हेन्रिक लार्सन, त्याचे वडील तिथले. हे नुसते ठळक झाले. या तिघांना एका संघात घातलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मी बोटीवरच्या ड्युटीच्या कित्येक पाळ्यांत केलाय.

मग 2012 आलं. आफ्रिका चषकासाठी शेवटच्या अडथळ्यात समोर कॅमेरून. प्रायात 2-0ने जिंकले, याउंदेला 1-2 हरले, पण एकूण 3-2. प्रशिक्षक होते लुसिओ अंतुनेश. त्यांची पोटापाण्याची नोकरी विमानतळावर, एअर ट्रॅफिक कंट्रोलरची! विमानं उतरवता उतरवता त्यांनी कॅमेरून उतरवलं.

2013च्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेत ती स्पर्धा झाली. उद्घाटनाच्या सामन्यात यजमानांना 0-0 रोखलं. मोरोक्कोशी 1-1, आणि तो गोल करणाऱ्याचं टोपणनाव प्लातिनी. तिसरा सामना अंगोलाशी, जिंकणं भाग. आधी आपल्याच जाळ्यात गोल गेला. 81व्या मिनिटाला फर्नांदो व्हारेलाने बरोबरी केली आणि भरपाईच्या वेळात हेल्दोनने दुसरा मारला. पहिल्याच खेपेला उपांत्यपूर्व फेरी. तिथे घानाने 2-0ने हरवलं.

त्या व्हारेलाचं नाव लक्षात ठेवा. त्याच वर्षी सप्टेंबरात 2014च्या विश्वचषकाची पात्रता फेरी सुरू होती. केप व्हर्देने ट्युनिशियाला त्यांच्याच घरात 2-0 हरवलं आणि गटात पहिले आले. आता फक्त एक प्लेऑफ आणि मग ब्राझीलमधला विश्वचषक. मी तेव्हा सिंगापूरच्या नांगरवाड्यावर होतो, मेसमध्ये सगळ्यांना चहा पाजला. पाच दिवसांनी फिफाचा निकाल आला: व्हारेलावर चार सामन्यांची बंदी होती, त्याला खेळवलंच कसं? सामना ट्युनिशियाला 3-0 बहाल. आणि ती बंदी ज्या लाल कार्डामुळे होती ते मिळालं होतं इक्वेटोरियल गिनीविरुद्ध, ज्या सामन्यात मैदानावर केप व्हर्दे हरले होते आणि नंतर समोरच्यांनी अपात्र खेळाडू खेळवला म्हणून तो त्यांना बहाल झाला होता! नियमाने दिलं, नियमानेच नेलं. चूक त्यांचीच होती, ते मी नाकारत नाही. पण चहाचे पैसे अजून सलतात.

2014च्या फेब्रुवारीत फिफाच्या क्रमवारीत ते 27वे होते. 2015च्या आफ्रिका चषकात तिन्ही सामने बरोबरीत, एकही हार नाही, तरी बाहेर, कारण तेवढेच गुण असलेल्या डीआर काँगोने एक गोल जास्त केला होता. मग मार्चच्या शेवटी एका मैत्रीपूर्ण सामन्यात पोर्तुगालला त्यांच्याच एस्तोरीलमध्ये 2-0 हरवलं. रोनाल्डो त्या दिवशी नव्हता हे मला दरवेळी कोणीतरी सांगतंच. नव्हता, खरं आहे. बाकीचे दहा-अकरा जण तर होते ना.

आता दुसरा प्रश्न, जो पहिल्याच्या पाठोपाठ येतोच. "पण त्यांचे निम्मे खेळाडू तिथे जन्मलेलेच नाहीत. मग तो त्यांचा संघ कसा?"

ह्याचं उत्तर मी आमच्या गावात शिकलोय. मे महिन्यात आमच्याकडे वाडीवाडीच्या क्रिकेटच्या स्पर्धा असतात. मुंबईकर सुट्टीवर आलेले असतात. एका वर्षी आमच्या वाडीतून एक पोरगा उतरला, जन्म डोंबिवलीचा, मालवणी तोडकीमोडकी, पण चेंडू असा टाकायचा की स्टंप दिसेनासे व्हायचे. समोरच्या वाडीने हरकत घेतली, हा गावचा कसा? आमचे एक आजोबा बाकावरून उठलेही नाहीत. म्हणाले, "चवथीक गणपती खंय येता तेंचो?" विषय संपला. बंद घराचं कुलूप वर्षातून एकदा ज्याच्यासाठी उघडतं तो त्या घरचा.

केप व्हर्देचा संघ हा असा चाकरमान्यांचा संघ आहे. गोलकीपर व्होझिन्या मिंडेलोचा, चाळिशीला टेकलेला. पुढे गोल करणारा दायलोन लिव्हरामेंतो रॉटरडॅममध्ये जन्मलेला. ते काही गंमत म्हणून नाही: पन्नास-साठच्या दशकांत बेटांवरची माणसं डच जहाजांवर खलाशी म्हणून लागली आणि त्या बंदरात त्यांची वस्तीच झाली. विली सेमेदो फ्रान्समधला. आणि रॉबर्तो लोपेश, ज्याला सगळे पिको म्हणतात, तो डब्लिनचा. आई आयरिश, वडील केप व्हर्दियन. पूर्वी बँकेत गृहकर्जाचं काम करायचा. 2018 साली तेव्हाचे प्रशिक्षक रुई आग्वाश यांनी त्याला लिंक्डइनवर निरोप पाठवला, पोर्तुगीजमध्ये. पिकोला पोर्तुगीज येत नाही. कोणीतरी काहीतरी विकतंय असं समजून त्याने सोडून दिलं. नऊ महिन्यांनी पुन्हा विचारणा आली, तेव्हा त्याने पहिला निरोप भाषांतराच्या यंत्रात घातला आणि बघतो तर काय, देशाकडून खेळशील का असं विचारलेलं! पळत पळत हो म्हणाला. आमच्याकडेही ग्रामदेवतेच्या जत्रेची पत्रिका मुंबईच्या घरात महिनाभर न फोडता पडलेली असते, आणि मग ऐनवेळी कोकणकन्येचं तिकीट शोधत पळापळ होते.

आताचे प्रशिक्षक बुबिश्ता मात्र बोआ व्हिश्ता बेटावरचेच, आणि पूर्वी याच संघातून खेळलेले. त्यांच्या हाताखाली 2024च्या सुरुवातीच्या आफ्रिका चषकात घानाला हरवलं, इजिप्तशी 2-2 केलं, उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण आफ्रिकेशी 0-0 करून पेनल्टींवर हरले. त्या दिवशी समोरच्या गोलकीपरने चार पेनल्टी अडवल्या. चार! पुढच्या आफ्रिका चषकाला तर पात्रही ठरले नाहीत, गटात तळाला राहिले. म्हणजे हा संघ दरवेळी जिंकतो म्हणून मी त्याच्यामागे आहे, असं कोणी समजू नये.

2026च्या विश्वचषकाच्या पात्रता गटात पुन्हा कॅमेरून होतं, आठ विश्वचषक खेळलेलं. याउंदेला 4-1 मार खाल्ला. पुढे 2025च्या 9 सप्टेंबरला प्रायात लिव्हरामेंतोच्या एका गोलवर त्याच कॅमेरूनला हरवलं. ऑक्टोबरात त्रिपोलीला लिबियाविरुद्ध 3-1 मागे पडून 3-3. लोक म्हणतात, संघ 48 केले, आफ्रिकेला नऊ थेट जागा दिल्या, म्हणून जमलं. जागा वाढल्या हे खरंच. पण गटात पहिलं यावंच लागत होतं, आणि ते दहा सामन्यांत 23 गुणांनी आले. कॅमेरून चार गुणांनी मागे राहिलं.

13 ऑक्टोबर 2025, सोमवार. प्रायाचं राष्ट्रीय मैदान, चीनच्या मदतीने बांधलेलं, पंधरा हजारांचं. सरकारने अर्ध्या दिवसाची सुट्टी दिलेली. समोर एस्वातिनी. आपल्याकडे रात्र होती, आमचं नेट तीनदा गेलं. पहिला अर्धा 0-0. मग लिव्हरामेंतो, मग सेमेदो, आणि भरपाईच्या वेळात स्तोपिरा. स्तोपिरा 37 वर्षांचा, 2008पासून संघात. हे नावही टोपणनाव, यानिक स्तोपिरा नावाच्या जुन्या फ्रेंच खेळाडूवरून पडलेलं. त्या देशात पोरांना दुसऱ्यांच्या खेळाडूंची नावं पडतात. आता कदाचित उलट होईल. 3-0. मी ओरडलो तशी शेजारच्यांची गाय हंबरली.

जाता जाता, व्हॉट्सॲपवर फिरतंय तसा हा विश्वचषक गाठणारा सर्वांत छोटा देश नव्हे. लोकसंख्येने आइसलँड त्यांच्याहून छोटं होतं, आणि पुढच्याच महिन्यात कुरासाव पात्र ठरलं, ते तर सगळ्यांत चिमुकलं.

डिसेंबरात ड्रॉ निघाला. गटात स्पेन, उरुग्वे, सौदी अरेबिया. पहिलाच सामना 15 जूनला अटलांटात, स्पेनशी. पुतण्या हसायला लागला, "काका, किती खातले?"

त्याला सांगितलं, विश्वचषकात स्पेनला प्रायाच्या पोराने आधीच एकदा हरवलंय. 2010, डर्बन, 1-0. गोल जेल्सन फर्नांदेशचा. शर्ट तेवढा स्वित्झर्लंडचा होता.