नवरात्रातले माझे दोन वास

“बाई, तुमच्या तोंडाला वास येतोय.”

दुसरीतलं पोरगं, वही दाखवायला टेबलाशी आलेलं. साडीला खडू लागलाय हे सांगावं तितक्या सहज सांगितलं आणि वही घेऊन गेलं. गेल्या नवरात्रातली चौथी माळ होती. उरलेले तास मी फळ्याकडे तोंड करूनच शिकवलं.

नऊ दिवसांचे उपवास मी लग्नापासून करते. पण आमच्याकडे उपवास म्हणजे एकादशी, दुप्पट खाशी: साबुदाण्याची खिचडी, वरीचा भात, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस. गेल्या वर्षी मी ठरवलं, फक्त दूध, ताक आणि बिनसाखरेचं लिंबूपाणी. वजन उतरेल हा छुपा हेतू होता. देवीला काय, सगळं कळतं.

त्या संध्याकाळी तीनदा दात घासले, माउथवॉशने चुळा भरल्या, लवंग चघळली. तासाभरात पुन्हा तेच. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, “नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा येतोय जरा.” म्हणजे त्यालाही आला होता, बोलला मात्र विचारल्यावर.

दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी आधी विचारलं, “साखर आहे का?” मला नाही. मधुमेह असेल आणि असा वास येऊन उलट्या होत असतील, धाप लागत असेल, तर थेट दवाखाना गाठायचा, उपवास बाजूला. आमच्या आईंना, म्हणजे सासूबाईंना, साखर आहे, म्हणून हे घरी येऊन दोनदा सांगितलं.

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमचे वास दोन आहेत. पहिला तोंडातला. चावलं की लाळ सुटते आणि लाळच तोंड धुते. माझं चावणं बंद, त्यात शाळेत मी पाणी कमी पिते, कारण आमच्या शाळेतलं बाथरूम पार मैदानापलीकडे आहे. तोंड कोरडं पडलं की जिभेच्या मागच्या भागातल्या जिवाणूंचं फावतं. दुधातली आणि तोंडातल्या मेलेल्या पेशींमधली प्रथिनं ते फोडतात आणि त्यातून गंधकाचे वायू निघतात, कुजक्या अंड्यासारखे. माझ्या जिभेवर पांढरा थर होता. माउथवॉशमध्ये अल्कोहोल असल्याने तोंड आणखी कोरडं पडत होतं, म्हणजे माझा उपाय उलटाच.

दुसरा वास मात्र फुफ्फुसातून येणारा. यकृतातला साखरेचा साठा साधारण दिवसभरात संपत येतो, मग शरीर चरबी जाळायला घेतं. त्यात कीटोन तयार होतात. त्यातलाच एक अॅसिटोन, रक्तातून श्वासात उतरतो. नेलपॉलिश रिमूव्हरमध्येही पुष्कळदा तोच असतो, नवऱ्याचं नाक बरोबर होतं! हा वास घासून जात नाही. खिचडीच्या वर्षांत तो का आला नाही, तेही उमगलं: साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. तेव्हा फार तर दातांत अडकलेल्या दाण्याच्या कुटाचा त्रास.

टंग क्लीनर घेतला. सकाळ-संध्याकाळ जीभ मागपर्यंत, हलक्या हाताने खरवडायची. पाण्याची बाटली टेबलावर, दर तासाला चार घोट, मग मैदान ओलांडावं लागलं तरी चालेल. दूध प्यायल्यावर चूळ. घरी पेस्टचा प्रश्न निघाला. आईंच्या मते पेस्टने उपवास मोडतो, “त्यात काय काय घालतात कुणाला ठाऊक.” मी पेस्ट सोडली नाही, त्यांनी धरली नाही. टंग क्लीनरला मात्र त्यांची हरकत नव्हती. आता एक त्यांच्याकडेही आहे.

सहाव्या माळेपासून दुपारी एक केळं आणि संध्याकाळी उकडलेलं रताळं सुरू केलं. वजनाचा विषय तिथेच मिटला. आठव्या माळेला नवऱ्याला जवळ बसवून विचारलं, तर म्हणाला, “काही नाही येत.” या वेळी त्याच्यावर विश्वास ठेवला.

यंदा हरतालिकेला गंमत झाली. आमच्याकडे ती निर्जळी, त्यामुळे घोट घेण्याची सोयच नाही. जीभ घासली, चुळा भरून पाणी थुंकलं आणि पूजेला आलेल्या बायकांशी दिवसभर जरा अंतर ठेवूनच बोलले. त्याही माझ्याशी तशाच बोलत होत्या.