उचललेला हात

मागच्या एप्रिलमधली गोष्ट आहे. जळगावचे ऊन सकाळी नऊलाच अंगावर येते, म्हणून बिबड्यांचे, म्हणजे ज्वारीच्या पापडांचे, काम आमच्याकडे पहाटे सुरू होते. तीन दिवस भिजवलेल्या ज्वारीचा घाटा सासूबाईंनी शिजवला होता आणि मी गच्चीवर, ओल्या धोतरावर, पाण्याचा हात लावून एकेक बिबडी थापत होते. आठ महिन्यांच्या बाळाने रात्री चारदा उठवले होते. शेवटची ओळ होत आली आणि तीन वर्षांची लेक धावत येऊन थेट बिबड्या तुडवत पलीकडे गेली. माझा हात वर गेला. तिने डोळे गच्च मिटले आणि खांदे कानांपर्यंत ओढून घेतले. मी मारले नाही. पण हा हात तिच्या ओळखीचा आहे, हे त्या खांद्यांवरून मला कळले.

राग आवरायला हवा, हे प्रत्येक आईला ठाऊक असते, पण ते आठवेपर्यंत शब्द तोंडातून निघून गेलेले असतात. धोका जाणवताच मेंदूतील अमिग्डला हा भाग शरीराला क्षणार्धात सज्ज करतो, छाती धडधडते, स्नायू ताठरतात. सारासार विचार करणारा कपाळामागचा भाग त्यामागून येतो आणि झोप अपुरी असेल तर त्याचा लगाम आणखी सैल पडतो. म्हणून रात्रभर जागलेल्या बाईला ‘जरा शांत राहा’ असे सांगणाऱ्यांनी आधी तिच्या झोपेची चौकशी करावी, असे मला मनापासून वाटते. आमच्या घरी आता रात्रीची एक पाळी यजमान सांभाळतात आणि त्याचा उपयोग इतर कशाहूनही अधिक झाला.

आत्ताच्या क्षणाकडे लक्ष देण्याच्या ज्या सरावाला हल्ली माइंडफुलनेस म्हणतात, त्याचे मूळ बुद्धांच्या श्वास पाहण्याच्या साधनेत आहे. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यावरून रुग्णांसाठी काही आठवड्यांचा अभ्यासक्रम बेतला. मांडी घालून वीस मिनिटे बसणे मला शक्य नव्हते. मी कळण्याची भाकरी थापताना सराव केला: मन पुढच्या कामाकडे पळाले की त्याला तळहाताखालच्या पिठाकडे परत आणायचे, पुन्हा पळाले की पुन्हा आणायचे. असे काही आठवडे गेल्यावर एक गोष्ट ध्यानात आली, की ओरडण्याआधी माझा जबडा आवळला जातो. तेवढी खूण पुरते. जबडा आवळला की मी श्वास सावकाश, आत घेतला त्याहून अधिक वेळ लावून बाहेर सोडते, कारण लांब उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावते, आणि माहेरच्या अहिराणीत स्वतःशीच म्हणते, “माले राग उना.” रागाला नाव दिले की त्याचा जोर थोडा उतरतो.

नेहमी जमते असे नाही. चुकले की मी लेकीजवळ बसून “आई ओरडली, ते चुकले” असे स्पष्ट सांगते. मात्र बाळंतपणानंतर दोन आठवडे उलटूनही सतत रडू येत असेल किंवा बाळाविषयी काहीच वाटेनासे झाले असेल, तर ते श्वासावर सोडू नये, डॉक्टरांना सांगावे.

परवा दुधाचा पेला लेकीच्या हातून निसटला, तेव्हा तिने आधी माझ्या तोंडाकडे पाहिले. खांदे अजूनही किंचित आकसले होते. मी फडके आणले आणि त्याचे एक टोक तिच्या हातात दिले.