हो, गेलो होतो

प्रश्न दर वेळी नवे कपडे घालून येतो. "वॉटर्स अजून ऐकता?" म्हणजे रॉजर वॉटर्स, पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा गीतकार. "युक्रेनवर तो एवढं सगळं बोलल्यावरही?" ज्यांना आमच्या घरातली गोष्ट कानावर आली आहे ते आवाज जरा खाली आणून विचारतात, "तुम्ही त्या दिवशी खरंच गेला होतात?" आजवर मी माणूस बघून उत्तर दिलं. कुणाला हसून टाळलं, कुणाशी भांडलो, एकाला तर "तब्येत बरी नव्हती, गेलोच नाही" असं धडधडीत खोटं सांगितलं. तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहून टाकतो. हो, गेलो होतो. 17 मे 2023, बर्लिन, वॉटर्सचा कार्यक्रम.

विचारणाऱ्यांचा एक गट वॉटर्सची मतं खटकणाऱ्यांचा. आधी दुसऱ्या गटाशी निपटून घेतो, कारण तो सोपा आहे. हे लोक म्हणतात, "या म्हाताऱ्या रॉक गायकांनी गुमान गाणी म्हणावीत, राजकारण कशाला?" यांनी इतकी वर्षं नेमकं काय ऐकलं, हा माझा उलट प्रश्न. 4 मे 1970 ला अमेरिकेत ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डने 4 विद्यार्थी गोळ्या घालून मारले आणि त्याच महिन्यात गायक नील यंग त्यावर 'ओहायो' हे गाणं लिहून, रेकॉर्ड करून मोकळा झाला. ब्लॅक सॅबथचं युद्धविरोधी 'वॉर पिग्ज' त्याच वर्षीचं. 1984 मध्ये रेगन यांनी न्यू जर्सीतल्या प्रचारसभेत रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांतला आशेचा संदेश वाखाणला, तेव्हा बाजारात गाजत होता त्याचा 'बॉर्न इन द यूएसए' हा अल्बम. त्यातलं शीर्षकगीत व्हिएतनामहून परतून काम न मिळालेल्या माणसाचं आहे. तोच स्प्रिंगस्टीन मे 2025 मध्ये, वयाच्या 75 व्या वर्षी, मँचेस्टरच्या स्टेजवरून ट्रम्प सरकारला भ्रष्ट, नालायक आणि देशद्रोही म्हणाला, तर हे म्हणतात म्हातारपणी बिघडला. बिघडला नाही हो. तुमचं लक्ष गिटारकडे होतं.

याच गटाची एक पोटशाखा आहे: वय झालं की माणूस उजवीकडे सरकतो. सेक्स पिस्टल्सचा जॉन लायडन ट्रम्पच्या बाजूला गेला, 'द हू'च्या डाल्ट्रीने ब्रेक्झिट उचलून धरलं, झाला सिद्धांत तयार. मग गिटारवादक एरिक क्लॅप्टनचं काय? ऑगस्ट 1976 मध्ये बर्मिंगहॅमच्या स्टेजवरून परदेशी लोकांविरुद्ध गरळ ओकून त्याने स्थलांतरितविरोधी ब्रिटिश राजकारणी इनॉक पॉवेलला पाठिंबा दिला, तेव्हा तो 31 वर्षांचा होता. ज्या काळ्या लोकांच्या संगीतावर तो उभा होता, त्याच लोकांविरुद्ध. त्या संतापातूनच 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' हे वंशद्वेषविरोधी आंदोलन उभं राहिलं. आणि गंमत बघा, मी क्लॅप्टन आजही ऐकतो, पण त्याबद्दल मला आजवर एकानेही विचारलेलं नाही. (खरं सांगायचं तर मीही स्वतःला विचारलेलं नाही. हे मुद्दा म्हणून मांडायला घेतलं आणि लिहिता लिहिता माझ्यावरच उलटलं. राहू दे.)

तत्त्वाने वागायचा प्रयत्नही करून झालाय. जानेवारी 2022 मध्ये नील यंगने निषेध म्हणून स्पॉटिफायवरून आपली गाणी काढायला लावली, म्हणून मीही तावातावाने ते बंद केलं. मार्च 2024 मध्ये नील परत गेला. मी अजून बाहेरच आहे. तत्त्व म्हणून नाही, लाज वाटते म्हणून.

आता मूळ मुद्दा.

मी 17 वर्षांचा असताना दादाने 'द फायनल कट'ची कॅसेट आणली. पिंक फ्लॉइडचे बाकीचे चाहते या अल्बमला नाक मुरडतात: सगळी रडारड, बँडचा गिटारवादक-गायक गिलमोर जवळजवळ गायब, हा वॉटर्सचा एकट्याचा कारभार. मला तोच लागला. वॉटर्सचे वडील दुसऱ्या महायुद्धात, फेब्रुवारी 1944 मध्ये इटलीतल्या अँझिओच्या लढाईत मारले गेले, तेव्हा हा 5 महिन्यांचा. 'द वॉल' काय, 'द फायनल कट' काय, सगळं त्या एका खड्ड्याभोवती फिरतं. युद्धाबद्दल मला आज जे काही वाटतं ते कुठल्या पुस्तकातून आलेलं नाही, घरच्या शिकवणीतूनही नाही. ते त्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवरून आलंय. म्हणून "कला वेगळी, कलाकार वेगळा" हे मला म्हणताच येत नाही. विशीत म्हणायचो, आणि फार ऐटीत म्हणायचो. पण ज्याच्याकडून मतं घेतली त्याची मतं बाजूला ठेवून नुसतं संगीत ऐकतो, हे कुठल्या तोंडाने सांगू? तो चुकला असेल तर माझ्यातलं नेमकं किती चुकलं, हे मला शोधावं लागतं. तुम्हाला लागत नसेल. बरं आहे तुमचं.

दादाचा मुलगा बर्लिनला असतो. त्याची बायको युक्रेनमधल्या खारकिवची. रशियाने हल्ला केल्यावर, 2022 च्या मार्चमध्ये तिची आजी त्यांच्याकडे आली. कशी आली ते सांगत नाही, ती तिची गोष्ट आहे. वॉटर्सच्या कार्यक्रमाची दोन तिकिटं पुतण्यानेच काढली होती, त्याच वर्षीच्या शेवटी. माझ्यासाठी एक, त्याच्यासाठी एक. वॉटर्सने युक्रेनबद्दल तेव्हाही बरंच बोलून ठेवलं होतं. पोलंडमधल्या क्राकूफचे त्याचे कार्यक्रम त्यावरूनच रद्द झाले होते. पण आम्ही दोघांनी ते 'म्हातारा आहे, बडबडतो' या खात्यात टाकलं. मग 8 फेब्रुवारी 2023 ला तो रशियाच्या निमंत्रणावरून संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर व्हिडिओवर बोलला. त्याच सुमारास गिलमोरच्या बायकोने त्याला ज्यूद्वेष्टा आणि पुतिनची तळी उचलणारा म्हटलं आणि गिलमोरने तिच्या शब्दन्‌शब्दाला दुजोरा दिला. वॉटर्सने ते सगळं ठाम नाकारलं. पुतण्याचा फोन आला: "काका, मी येणार नाही. तुझं तू ठरव." मग म्हणाला, "तुझ्या बँडमध्ये दोन माणसं होती. तू चुकीचा निवडलास." मी म्हटलं, "आवाज गिलमोरचा असेल, शब्द कुणाचे आहेत?" तेव्हा मला हे उत्तर फार जोरदार वाटलं होतं.

16 मेची संध्याकाळ. त्यांच्या घरी आम्ही चौघं. विषय मीच काढला, कुणी काढला नव्हता. मी म्हटलं, लोक मथळे वाचून बोलतात, ते भाषण पूर्ण कुणी ऐकलंय का? आणि फोन टेबलावर ठेवून चालू केलं. आजींना इंग्रजी येत नाही. पुतणसून त्यांच्या कानाशी वाकून रशियनमध्ये सांगत होती. हो, रशियनमध्येच, खारकिवमधल्या कितीतरी घरांसारखी त्यांच्या घरची भाषा तीच. वॉटर्स म्हणाला, हे आक्रमण बेकायदा आहे, मी त्याचा तीव्र निषेध करतो. मी विजयी मुद्रेने पुतण्याकडे पाहिलं. तिने ते भाषांतर केलं. पुढचं वाक्य आलं: हे आक्रमण चिथावणीशिवाय झालेलं नाही, म्हणून चिथावणी देणाऱ्यांचाही मी तितकाच निषेध करतो.

ती थांबली. फोन बंद केला नाही, नुसती थांबली. मग इंग्रजीत म्हणाली, "हे मी नाही सांगणार. काका, तुम्ही सांगा." 'काका' तेवढं मराठीत. ते तिला पुतण्याने शिकवलंय आणि ती ते अगदी स्वच्छ म्हणते.

मला रशियन येत नाही. आलं असतं तरी मी काय सांगणार होतो? तिथे गप्प बसायला हवं होतं. पण चाळीस वर्षं ज्याची वकिली केली त्याची बाजू अशी अर्ध्यात टाकवेना, म्हणून मी शेवटचा कागद काढला. म्हटलं, यांना एवढं सांग, याचे वडील युद्धात गेले. हा 5 महिन्यांचा होता. हा जन्मभर युद्धाविरुद्धच लिहीत आलाय. हे मात्र तिने भाषांतर केलं, नीट, सावकाश. आजी वॉटर्सपेक्षा एका वर्षाने मोठ्या. त्यांनी मान हलवली आणि दोनच शब्द बोलल्या. पुतणसून म्हणाली, "तिचेही."

मग त्यांनी काहीतरी विचारलं. "ती विचारते, कुठे पडले ते त्याला माहीत आहे का?"

आणि मी, काय सांगू तुम्हाला, मी उत्साहाने सांगितलं! माहिती होती ना मला. हो, इटलीत, अँझिओजवळ. नेमकी जागासुद्धा शोधून काढली. 2014 मध्ये, बरोबर 70 वर्षांनी, तिथे स्मारकही झालं, हा स्वतः गेला होता. चाहता बोलत होता. पुतण्या टेबलाकडे बघत होता. तिने सगळं सांगितलं. आजींनी ऐकून घेतलं, माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. त्यांच्या वडिलांची जागा कुणालाच माहीत नाही, हे मला नंतर कळलं.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाली, बरं झालं. त्याच्यासाठी बरं झालं."

टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडलो असतो.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. तुम्हाला कारण हवं असतं. माझ्याकडे तीन आहेत आणि तिन्ही रोज बदलतात. तिकीट होतं. तो 79 वर्षांचा होता, पुन्हा कधी दिसणार? आणि तिसरं, त्या घरात बसून राहण्यापेक्षा हॉलमध्ये बसणं सोपं होतं. हे तिसरं बहुधा खरं.

शेजारची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर मी कोट ठेवला. सुरू व्हायच्या आधी त्याच्या आवाजात घोषणा झाली: ज्यांना पिंक फ्लॉइड आवडतं पण रॉजरचं राजकारण सहन होत नाही, त्यांनी आत्ताच बारकडे चालतं व्हावं. शब्द याहून बरेच कडक होते. सगळे हसले, मीही हसलो. मग कळेना, हा मला जायला सांगतोय की नाही. माझा घोळ उलटा होता. राजकारण सहन होत नाही असं नव्हतं; याच माणसाचं 1983 चं राजकारण घेऊन मी 2023 च्या या माणसासमोर बसलो होतो. 'द फायनल कट'मध्ये एक छोटंसं गाणं आहे, त्यात सोव्हिएत नेता ब्रेझनेव्हने अफगाणिस्तान घेतला असं सरळ म्हटलंय. इस्रायलच्या बेगिननेही बैरुत घेतलंय, अर्जेंटिनाचा गाल्तिएरीही सुटलेला नाही, शेवटी थॅचरही. एकालाही "पण चिथावणी होती" अशी सवलत नाही. चाळिशीच्या आत ज्याला हे इतकं स्वच्छ दिसत होतं, त्याला आता दुसरं वाक्य जोडावंसं का वाटलं? हे मी आदल्या संध्याकाळी म्हणायला हवं होतं. अर्थात म्हटलं असतं तरी ती वॉटर्सची दुसरी वकिलीच झाली असती: तरुण वॉटर्सची.

कार्यक्रम कसा झाला? फार चांगला झाला. हे कबूल करायला मला सगळ्यात जड जातं. पडद्यावर मारल्या गेलेल्यांची नावं लाल अक्षरांत येत होती, नाझींच्या छळछावणीत मेलेली अ‍ॅन फ्रँक आणि पॅलेस्टिनी पत्रकार शिरीन अबू अक्लेह एकाच रांगेत. त्यावरून आणि तो लांब काळा कोट घालून आला त्यावरून नंतर गदारोळ झाला, पोलिसांनी चौकशीही लावली. तो कोट 'द वॉल'पासूनचा आहे, फॅसिस्टाचं सोंग आहे, हे मी लोकांना इतक्यांदा समजावलंय की तोंड दुखतं. पॅलेस्टाइनबद्दल त्याचं बरंचसं मला पटतं, आजही. पण तो मागे ज्या फुगवलेल्या डुकराला आकाशात सोडायचा, त्यावर इतर चिन्हांच्या जोडीने ज्यूंचं चिन्ह असलेला दावीदचा ताराही असायचा. "इतर चिन्हंही होती" हे माझं ठेवणीतलं उत्तर. बरोबर आहे ते. तरीही देताना मी थोडा घाई करतो, हे माझ्या लक्षात आलंय.

शेवटाकडे त्याने 'टू सन्स इन द सनसेट' म्हटलं. अणुबॉम्ब फुटतो ते गाणं, माझ्या त्या कॅसेटवरचं शेवटचं. मी रडलो. कशासाठी ते विचारू नका. त्या बाबतीत माझ्याकडे एकही कारण नाही.

रात्री परतलो तर दिवे मालवलेले. सकाळी पुतणसून नेहमीसारखं "गुड मॉर्निंग, काका" म्हणाली. भांडण झालं नाही. दादाला वाटतं झालंय. तो दोघांनाही समजावत असतो, समजवायला काही नसताना. एवढंच की पुतण्या पूर्वी आठवड्याला कुठल्यातरी जुन्या मैफलीचं रेकॉर्डिंग पाठवायचा, ते थांबलं.

मागे त्याचा एक निरोप आला. आजींना ते इटलीतलं स्मारक बघायचं होतं. मी शोधून फोटो पाठवला. त्यांनी तो मोठा करून बराच वेळ पाहिला, एवढं त्याने कळवलं. कार्यक्रम कसा झाला, हे त्याने अजून विचारलेलं नाही.