दोन सुतं

फोडणीत टाकलेल्या मोहऱ्यांतल्या दहा-बारा तरी कढईबाहेर उडतातच. जुन्या घरी त्या ओट्यावर पडायच्या आणि फडक्यात गोळा व्हायच्या. नव्या घरी त्या भिंतीत जातात.

अगदी भिंतीत. ओटा आणि त्याच्यामागे उभा केलेला ग्रॅनाइटचा डॅडो, या दोघांचं आपसात जमलेलं नाही. सिंकपाशी दोघं एकमेकांना चिकटून आहेत, तिथून पुढे हळूहळू फटकून वागायला लागतात, आणि शेगडीपाशी पोचेपर्यंत मधल्या फटीत माझ्या करंगळीचं टोक जातं. मोहरी गेली, जिरं गेलं, एकदा तर कढीलिंबाचं अख्खं पान उभंच्या उभं आत शिरलं.

गृहप्रवेशाला हे कुणालाच दिसलं नव्हतं. रिवाजाप्रमाणे नव्या शेगडीवर दूध उतू घालवलं. ते पातेल्यावरून ओघळलं, ओट्यावर पसरलं आणि सगळ्यांच्या देखत मागे सरकत सरकत दिसेनासं झालं. "वास्तूनं नैवेद्य घेतला बघ," थोरल्या जाऊबाई म्हणाल्या. मीही हात जोडले. चौथ्या दिवशी वास यायला लागला, पाचव्या दिवशी मुंग्यांची रांग लागली. मग हात सोडले आणि बॅटरी घेतली.

दगड मी हौसेनं निवडला होता. ज्या गावची साडी आपण इरकल म्हणून नेसतो, त्याच बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलचा लालसर ग्रॅनाइट. कडप्पा आणि शहाबादी हे चुनखडीच्या जातीचे, लिंबू-चिंच सांडली की चरतात. ग्रॅनाइटला आंबटाचं काही वाटत नाही. हे सगळं मी दुकानात उभं राहून नीट विचारून घेतलं. बसवणार कोण, एवढंच विचारायचं राहिलं. इरकल साडीत अंग आणि पदर वेगळे असतात. अंगाचे ताणे आणि पदराचे ताणे फासे घालून एकमेकांत अडकवतात, त्याला तिकडे तोप-तेनी म्हणतात. आईची इरकल मी पंचवीस वर्षं नेसते आहे, विरली, फाटली, पण त्या सांध्यात कधी उसवली नाही. त्याच गावच्या दगडाचा सांधा आमच्याकडे आठ दिवस टिकला नाही. यात गावाचा काही दोष नाही.

मिस्त्रीला बोलावलं. तो आला, वाकला, एक डोळा मिटून फटीतून पलीकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाला, "एनू आगूदिल्री अक्का, काही होत नाही. दोनच सुतं हाय."

इथं आमचे हे पुढे सरसावले. यांची सगळी नोकरी बेळगावच्या उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये गेली. घरात व्हर्निअर आहे, मायक्रोमीटर आहे, फटी मोजायचं फिलर गेज आहे. वरण मोजायचा डाव मात्र सापडत नाही. "इंचाची आठ सुतं," हे म्हणाले, "म्हणजे दोन सुतं म्हणजे सहा पॉइंट पस्तीस मिलिमीटर. म्हणजे सहा हजारांच्या वर मायक्रॉन! दहा मायक्रॉनसाठी आमचा माल परत आलाय."

मिस्त्रीनं अतिशय आदरानं ऐकून घेतलं. "सर, ते लोखंडाचं," तो म्हणाला. "हे घराचं."

मला आजही ठरवता येत नाही की दोघांतलं कोण बरोबर बोललं. त्या दिवशी तरी मिस्त्री जिंकला, कारण व्हाइट सिमेंटचा डबा त्याच्या हातात होता. फट भरली, पुसली, सुंदर दिसली. आठवड्याभरात बारीक भेग पडली, मग टवके उडाले, आणि पहिली मोहरी पुन्हा आत गेली.

मधल्या काळात मी रोगी तपासावा तसा तो डॅडो तपासत होते. रुपयाच्या नाण्यानं ठोकून बघितलं. काही ठिकाणी ठक्क, काही ठिकाणी डब्ब. डब्ब जास्त. ओट्यावर पाणी ओतून बघितलं. ओट्याला ढाळ हवा सिंककडे. आमच्या ओट्याला तो शेगडीकडे होता. म्हणजे दगड बिचारा लेव्हलला सरळ बसवलेला, खालून ओटाच खचत गेलेला. दुधानं पहिल्याच दिवशी हे सांगितलं होतं, आम्ही त्याला नैवेद्य म्हटलं.

हळूहळू त्या फटीनं माझ्यावर ताबाच मिळवला. कोण येईल त्याला चहाआधी फट दाखवायची. कुणी म्हणालं, "किती छान रंग आहे हो!" तर मी म्हणायची, "रंग छान आहे, पण इकडे बघा." पुण्याहून पाहुणे आले, त्यांना किल्ल्यात कमलबस्ती हे जुनं जैन मंदिर दाखवायला नेलं. रट्ट राजांच्या काळातलं, 1204 सालचं काम. सगळे मान वर करून छताचं कमळ बघत होते. मी खाली खांबापाशी दगडाच्या सांध्यात नख घालून बघत होते. नख शिरेना. यांना म्हटलं, "आठशे वर्षं झाली, बघा जरा." हे म्हणाले, "त्यांना मध्ये मिक्सरचा प्लग काढायचा नव्हता."

खानापूर तालुक्यात माझं माहेर. तिथल्या स्वयंपाकघरात चुलीमागची भिंत जांभ्याची, वरून मातीचा गिलावा, धुरानं काळी कुळकुळीत. पोतेरं फिरवताना आईचा हात भिंतीच्या फुगवट्यावरून वर जायचा, खळगीत खाली यायचा. भिंत वाकडी आहे असं तिला कुणी सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, सरळ कुठली आहे? मोहऱ्या तिथंही उडत असतील. कुठं जात होत्या कुणास ठाऊक. तिथं पट्टीसारखी सरळ अशी एकही कड नव्हती, त्यामुळे तिरकं काय आहे ते कळायची सोय नव्हती. मी ग्रॅनाइटची आरशासारखी कड आणली आणि सोबत हा त्रास आणला.

पावसाळा तोंडावर आला तसं मी हट्टाला पेटले. बेळगावच्या पावसात मीठ भिजतं. भिंतीत साचलेल्या दुधा-मोहरीचं काय होईल ते मला बघायचं नव्हतं. मिस्त्री दोन माणसं घेऊन आला. सहा फूट बाय दोन फुटांचा तो तुकडा, वजन पन्नास किलोच्या वर. फुटणार, असं धरूनच मी देवाजवळ बसले होते. तर पहारीचं टोक नुसतं लावलं आणि दगड अलगद निघून आला. मागे सिमेंटचे पाच गोळे. चार कोपऱ्यांत चार, मध्ये एक. एवढ्यावर तो तीन महिने माझ्या कढईच्या मागे उभा होता. आणि खाली, शेगडीच्या बाजूला, दगडाला टेकू म्हणून गुटख्याची पुडी घडी घालून सरकवलेली. तिच्या आसपास मोहऱ्यांचा ढीग.

"हे काय?" हे म्हणाले.

मिस्त्री पुडीकडे परक्यासारखं बघत राहिला. "आमच्या पोरानं घातलं असंल," तो म्हणाला, आणि पोरगा कानडीत काहीतरी पुटपुटला, ते मला कळलं पण इथं लिहिण्यासारखं नाही.

या वेळी मात्र त्यानं मन लावून काम केलं. दगड ओट्यावर धरून ओट्याचा उतार पेन्सिलीनं दगडावर उतरवून घेतला. कटर लावून सिंककडची कड दोन सुतं उतरवत आणली. मागे सगळीकडे भरपूर माल थापला, रबरी हातोडीनं ठोकत ठोकत बसवला. खालच्या सांध्यात सिमेंट नाही घातलं. ओटा आणि भिंत आपापल्या परीनं हलतात, सिमेंट तडकतं, रबरासारखं ताणलं जाणारं काहीतरी हवं. "सिलिकॉन हाकोण्री," म्हणाला, आणि ओल्या बोटानं एका दमात कडेपर्यंत ओढत नेलं. नाण्यानं ठोकलं. ठक्क. ठक्क. ठक्क.

खालून दोन सुतं उतरली, ती अर्थातच वर निघाली. डॅडोची वरची कड आणि खिडकीची पट्टी यांच्यामध्ये. तिथंही त्यानं सिलिकॉन भरलं, आणि जाता जाता मसाल्याची मांडणी उचलून नेमकी तिथं ठेवली. सर बघतायत हे बघून ती आणखी चार बोटं सरकवली.

फिलर गेज अजून फ्रिजवर आहे. रविवारी मांडणी पुसायला म्हणून कोण खाली उतरवतं, ते मी विचारत नाही.

गेल्या महिन्यात निपाणीला धाकट्या बहिणीच्या नव्या घरी गेले होते. तिचा ओटा काळाभोर, डॅडो पांढरा, बघत राहावं असा. ती चहा गाळत होती, मी शेजारी उभी राहून इकडचं तिकडचं बोलत होते, आणि बोलता बोलता माझं बोट ओट्याच्या मागच्या कडेनं फिरायला लागलं. शेगडीपाशी भिंतीला पोळपाट उभा टेकवून ठेवला होता. तो बाजूला करायला हात लावला.

"ताई," गाळणं तसंच हातात धरून ती म्हणाली, "पोळपाट राहू दे तिथंच."